आहेर मॅडम आणि ओ देणारा जीन

आमच्या कॉलेजच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात आहेर मॅडम अनवाणी चालताना दिसल्या की समजायचं, आज काहीतरी सापडलं. खुर्चीत बसल्या की चपला टेबलाखाली काढून ठेवायची त्यांना सवय होती. एरवी उठताना पायाने चाचपून चपला शोधायच्या, घालायच्या आणि मगच उठायच्या. पण कॉम्प्युटरवर एखादी रेघ अपेक्षेपेक्षा वर गेलेली दिसली, की तशाच उठायच्या आणि जो पहिला माणूस भेटेल त्याला ती बातमी सांगायला निघायच्या. तो पहिला माणूस कधी मी असायची, कधी शेजारच्या फिजिक्स विभागातलं कोणीतरी. एकदा पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस त्यांच्या तावडीत सापडला. त्याने पाना खाली ठेवून सगळं निमूट ऐकून घेतलं आणि शेवटी "लय भारी" म्हणाला. मॅडमना तेवढं पुरलं. प्रयोगशाळेत अनवाणी फिरू नये, ही पाटी भिंतीवर त्यांनीच लावली होती.

डॉ. सुमन आहेर उंचीला कमी आणि आवाजाला भरपूर. मूळच्या सटाण्याकडच्या. वर्गात शिकवताना त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी स्वच्छ असायची, पण आनंद एका मर्यादेपलीकडे गेला की आतून अहिराणी वर यायची. लेक्चरमध्ये 'आहे', आनंदात 'शे'. इम्रान, माझ्याबरोबर त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा मालेगावचा मुलगा, दारातूनच कानोसा घेऊन मला सांगायचा, "शे वर गेल्यात, चल."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती देवळाली कॅम्पहून बसने, हातात एमएस्सीच्या कागदांची फाइल घेऊन. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडमनी फाइल उघडलीच नाही. मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "मागून कुणी तुझ्या नावाने हाक मारली तर तू काय करतेस?"

मी म्हटलं, वळून बघते.

"त्याच्या आधी?"

उत्तराची वाट न पाहता त्याच सांगायला लागल्या. "आधी ऐकतेस. मग थांबतेस. मग वळतेस. ऐकल्यापासून वळेपर्यंत तुझ्या आत जे काही घडतं ना कविता, ते मला समजून घ्यायचंय. उंदराच्या पेशीत. करायचं का?"

मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते घरी जाऊन सांगताना माझी तारांबळ उडाली. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या काही शरीरात शिरलेल्या परक्याला ओळखून त्याच्याशी लढतात. तशाच उंदराच्या पेशी मॅडमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये वाढवल्या जातात. या पेशींना दुधाचं हार्मोन, म्हणजे बाळंतिणीच्या अंगात दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन, फार लागतं. ते नसलं की त्या नुसत्या बसून राहतात, मरत नाहीत, वाढतही नाहीत. त्याचा थेंब पडला की सगळ्या जाग्या होतात आणि एकीच्या दोन व्हायच्या तयारीला लागतात. ही हाक पोचल्यावर त्यांच्यातले जे जीन सगळ्यात आधी जागे होतात, त्यांतल्या एकावर मॅडमचं काम होतं. वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे उंदराची फौज." मग थोड्या वेळाने, "आणि बिगुल दुधाचा."

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं. त्या उठून अनवाणीच इम्रानला सांगायला गेल्या.

त्या जीनचं अधिकृत नाव म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची खिचडी होती. मॅडम त्याला 'ओ' म्हणायच्या. हाक मारली की ओ देतो, म्हणून ओ. "आज ओ कसा आहे?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न. बाहेरच्या माणसाला वाटायचं, घरात कुणी आजारी आहे. ओ जागा होतो हे कळलं होतं. जागा झाला की त्याच्या सांगण्यावरून पेशी एक प्रोटीन तयार करते हेही कळलं होतं. पण ते प्रोटीन या पेशींत जातं कुठे आणि करतं काय, हे माहीत नव्हतं. मॅडमची सगळी ओढ तिथे होती.

त्यांच्या प्रयोगशाळेत एका वाक्याला बंदी होती. 'काहीच झालं नाही' असं म्हणायचं नाही. नव्या मुलांच्या तोंडून ते दिवसातून दोनदा तरी निघायचंच, आणि मॅडम लगेच विचारायच्या, काहीच नाही म्हणजे काय झालं? पेशी तरंगत होत्या की तळाला गेल्या? ज्या पोषक पाण्यात त्या वाढतात त्याचा रंग गुलाबी राहिला की पिवळा पडला? सुरुवातीला मला हा छळ वाटायचा. नंतर नंतर मला पाणी पिवळं पडलेलं आपोआप दिसायला लागलं.

या हार्मोनच्या मागे त्या कशा लागल्या, ते त्यांनी एकदा चहा पिताना पायऱ्यांवर बसून सांगितलं. शिकत असतानाच त्यांना मुलगी झाली, मुक्ता. दूध काही येईना. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, शतावरी आणली. शेजारणी येऊन मायेने सल्ले द्यायच्या आणि जाताना सुस्कारा टाकायच्या. त्या सुस्काऱ्यांनी मॅडम रडकुंडीला आल्या. डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल लावला, हार्मोन कमी पडत असेल, बाटली सुरू करा. "मला इतका राग आला," मॅडम म्हणाल्या, "की माझ्याच अंगातली वस्तू, आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नाही." बाळ बहिणीच्या मांडीवर देऊन त्या लायब्ररीत गेल्या आणि त्या हार्मोनवर सापडेल ते वाचून काढलं. वाचता वाचता एका पानावर दिसलं, की हेच हार्मोन लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही जागं करतं. दुधाच्या हार्मोनचं तिथे काय काम? हा प्रश्न घेऊन त्या घरी आल्या, आणि मग तो घरचाच झाला. मुक्ता बाटलीवर वाढली आणि आईपेक्षा हातभर उंच झाली. मॅडम हे सांगताना हसत होत्या, पण चहा तसाच निवून गेला होता.

आता दिंडोरीची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या पेशींचा मूळ साठा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेला असायचा. दुधाच्या कॅनसारखं एक मोठं भांडं, त्यात वाफाळणारा नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या इवल्या इवल्या कुप्या. नायट्रोजन हळूहळू उडून जातो, म्हणून तो वरचेवर भरावा लागतो. एकदा मुंबईहून येणारी गाडी कसारा घाटात बंद पडली, आणि इम्रानने लाकडी पट्टी आत घालून पातळी मोजली तर तळाशी जेमतेम थर उरलेला. तो संपला असता तर सगळ्या कुप्या वितळल्या असत्या आणि वर्षानुवर्षांचं काम त्यांच्याबरोबर गेलं असतं. मी आणि इम्रान इकडेतिकडे फोन लावत बसलो. मॅडम मात्र एकदम म्हणाल्या, "बैल!"

बैलाचं बी नायट्रोजनमध्ये ठेवतात. जिथे गाई तिथे कृत्रिम रेतन, आणि जिथे रेतन तिथे नायट्रोजन. मॅडमचा धाकटा भाऊ नाना दिंडोरीकडे द्राक्षं लावायचा. त्याला फोन गेला, त्याने ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, आणि अर्ध्या तासात आम्ही मॅडमच्या जुन्या गाडीत होतो. मागच्या सीटवर भांडं, त्याला सीटबेल्ट बांधलेला, आणि शेजारी मी त्याला मिठी मारून. गाडीच्या चारही काचा खाली. नायट्रोजन गाडीत साठला तर आपण गुपचूप झोपी जाऊ, असं मॅडमनी निघताना अगदी सहज सांगितलं होतं. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, त्यांतून ट्रॅक्टर फवारणी करत चाललेले, औषधाचा वास थेट नाकात. आणि मॅडम वाऱ्याच्या वर आवाज चढवून मला सांगत होत्या, की बैल आणि उंदीर एकाच थंडीत झोपतात, किती छान आहे बघ.

डॉक्टरांनी भांडं भरून दिलं. पैसे घ्यायला ते तयार होईनात. त्याऐवजी त्यांनी विचारलं, दुधाचं हार्मोन आम्हाला गाईत ठाऊक आहे, ते उंदराच्या पांढऱ्या पेशीत काय करतं? झालं. मॅडम तिथल्या बाकावर बसल्या, चपला काढल्या आणि सुरू झाल्या. बाहेर एक शेतकरी गाय घेऊन ताटकळत उभा होता. त्याने बराच वेळ वाट पाहिली आणि मग आत डोकावून म्हणाला, "बाई, लय भारी सांगताय तुम्ही, पण आमची गाय थांबेल का?" डॉक्टर घाईने उठले. मॅडमही उठल्या आणि त्यांच्या मागोमाग गोठ्यापर्यंत जाऊन उरलेलं सांगून आल्या. परतताना चपला घेण्यासाठी आम्हाला वाटेतून मागे वळावं लागलं.

नानाचं आणि मॅडमचं फोनवरचं बोलणं आम्हाला पाठ झालं होतं. काही नवं सापडलं की मॅडम त्याला फोन करायच्याच. तो पूर्ण ऐकून घ्यायचा आणि एकच विचारायचा, भुरीवर औषध निघेल का? भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर आणि मण्यांवर पांढरी पूड पसरवणारी बुरशी, बागायतदाराची कायमची डोकेदुखी. मॅडम म्हणायच्या, नाही निघणार. मग कशाला सांगतेस, असं तो विचारायचा. "तरी ऐक," असं म्हणून त्या पुढे सांगायच्या आणि तो ऐकायचा.

पण नानाचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. ओचं एक भावंड बुरशीत आहे. हे आम्ही शोधलेलं नाही, जगाला आधीपासून ठाऊक होतं. पण मला ते समजलं ते एका वाईट सकाळी. माझ्या बाटल्यांमध्ये बुरशी शिरली होती. गुलाबी पाण्यात कापसाचे पुंजके, पेशी सगळ्या मेलेल्या. कितीतरी आठवड्यांचं काम वाया. मी बाटल्या उचलून निर्जंतुक करायला निघाले, तर मॅडमनी हातातून एक काढून घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मला म्हणाल्या, टाकायच्या आधी बघून तर घे.

मी रडत रडत पाहिलं. लांबच लांब धागे. मॅडम कानाशी सांगत होत्या. या धाग्यात कितीतरी केंद्रकं असतात, पेशीच्या मध्याचे गोळे. धागा वाढतो तशी ती आतून पुढे पुढे सरकत राहतात, नाहीतर सगळी एका जागी गोळा होऊन बसतील. ती सरकवण्यासाठी बुरशीला जो जीन लागतो, त्याचाच नातेवाईक म्हणजे आपला ओ. बुरशीपासून उंदरापर्यंत निसर्गाने तो टाकून दिला नाही. "म्हणजे काहीतरी मोठं काम असणार ना त्याला?" त्या म्हणाल्या. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. पेशी परत आल्या नाहीत, पण त्या दिवशी मला नोकरीच्या जाहिराती बघायच्या होत्या, त्या मी बघितल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ओचं प्रोटीन पेशीत कुठे जातं ते पाहण्यासाठी आम्ही एक अँटीबॉडी बनवून घेतली. म्हणजे नेमकी त्या प्रोटीनलाच चिकटणारी वस्तू, आणि तिला हिरवा चमकणारा रंग. प्रोटीन जिथे, तिथे हिरवं दिसायला हवं. दिसलं. हार्मोन देताच केंद्रक हिरवंगार झालं. मॅडम तो सबंध दिवस अनवाणी होत्या. हाक ऐकून ओ थेट केंद्रकात धावतो, म्हणजे तो दुसऱ्या जीनना जागं करत असणार, असं चित्र उभं राहिलं. पुण्याला एका परिषदेत मॅडमचं भाषण ठरलं, त्याचा गोषवारा छापून आला. प्राचार्यांनी वर्तमानपत्रांसाठी बातमी तयार करायला घेतली.

परिषदेच्या आदल्या दिवशी इम्रान चेहरा पाडून आला. त्याने शेवटची खातरजमा म्हणून काही पेशींमध्ये ओची बोलतीच बंद केली होती. ओ गप्प, म्हणजे प्रोटीन नाही, म्हणजे हिरवं दिसायला नको. पण केंद्रक तितकंच हिरवं होतं. आमची अँटीबॉडी ओच्या प्रोटीनला नाही, दुसऱ्याच कशाला तरी चिकटत होती.

मॅडमनी त्याच्याकडून पुन्हा सगळं ऐकलं. मग स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, बराच वेळ. मग मी त्यांना चपला शोधून, घालून, कधी नव्हे इतकं हळू उठताना पाहिलं.

प्राचार्य आले. ते वाईट माणूस नव्हते, कॉलेजचं नाव व्हावं एवढीच त्यांची इच्छा. म्हणाले, भाषण तर होऊ द्या, नंतर दुरुस्ती करता येईल. तुमची निवृत्तीही जवळ आली आहे, पुन्हा अशी संधी कधी येणार?

"सर, बातमी थांबवा," मॅडम म्हणाल्या. "भाषण मी करणार आहे."

आणि त्यांनी केलं. मी आणि इम्रान मागच्या रांगेत बसलो होतो. त्यांनी आधी आमचं सुंदर हिरवं चित्र दाखवलं. लोक पुढे सरसावून बघायला लागले. मग इम्रानचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, की हे पहिलं चित्र खोटं आहे, गोषवाऱ्यात छापलंय ते कृपया कुणी वापरू नका, आणि आता आम्ही कसे फसलो ते सांगते. उरलेला सगळा वेळ त्यांनी तेच सांगितलं, तितक्याच हौसेने, जणू ते आमचं यशच होतं. शेवटी एका ज्येष्ठ गृहस्थांनी जरा खवचटपणे विचारलं, मग आज तुमच्या हाताला काय लागलं?

"एक चूक लागली," मॅडम म्हणाल्या. "चांगली आहे. तुमच्याकडे असेल तर तपासून घ्या."

काही लोक हसले. चहाच्या वेळी दोघंजण मॅडमजवळ येऊन हळूच विचारत होते, त्यांच्या अँटीबॉडीची तशी परीक्षा कशी घ्यायची.

परतीच्या वाटेवर मात्र मॅडम गप्प होत्या. नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला, तरी शब्द नाही. इम्रान गाडी चालवत होता आणि आरशातून माझ्याकडे बघत होता. मला त्यांच्या मानेची मागची बाजू तेवढी दिसत होती, आणि ती मला म्हाताऱ्या बाईची वाटली. संगमनेरला एका हॉटेलात चहाला थांबलो. मॅडम बशीत चमचा फिरवत बसल्या. मग तो चमचा थांबला.

"चिकटवायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "बाहेरून कोणी जाऊन त्याला शोधायचं, हेच चुकतंय. दिवा त्याच्याच हातात देऊ की."

म्हणजे ओ या जीनलाच चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन जोडायचा. पेशी जेव्हा ओचं प्रोटीन बनवेल, तेव्हा ते जन्मतःच दिवा घेऊन येईल. मग अँटीबॉडी नको, आणि जिवंत पेशीत पाहता येईल. ही युक्ती जगात नवी नव्हती. पण आमच्या या पेशी हट्टी, बाहेरचं काही आत घेत नाहीत. विजेचा झटका देऊन त्यांच्या पातळ आवरणाला क्षणभर भोक पाडावं लागतं, आणि त्यात बहुतेक मरतात. म्हणून आम्ही तो नाद आधी सोडला होता. मॅडमनी तिथेच कागदी रुमालावर चित्र काढलं, इम्रानने त्यात दुरुस्ती केली, मी झटक्याचा हिशेब मांडला, आणि आम्ही तिघेही एकदम बोलत बाहेर पडलो. हॉटेलचा वेटर मागून चपला घेऊन धावत आला.

पुढचे महिने पेशी मरत होत्या. झटका जोराचा दिला की सगळ्या मरायच्या, हळू दिला की जोडलेला जीन आतच शिरायचा नाही. मॅडमची निवृत्ती समोर दिसत होती. त्या गेल्यावर ही खोली दुसऱ्या विभागाला द्यायची, असं ठरूनही गेलं होतं. एक-दोनदा मोजमाप घ्यायला माणसं येऊन गेली. मॅडम त्यांनाही पेशी दाखवायच्या. रोज सकाळी मी त्यांना मेलेल्या पेशींबद्दल सांगायची आणि रोज त्या विचारायच्या, कशा मेल्या? फुगून की आक्रसून? त्या उत्तरांतूनच आम्ही झटका थोडा थोडा बदलत नेला. पेशी आधी थंड करून पाहिल्या, मग कोमट. आणि एका आठवड्यात काही जगल्या. फार नाही, पण ज्या जगल्या त्यांत मंद हिरवा उजेड होता.

ती सकाळ अकराच्या सुमाराची होती. बाहेर लख्ख ऊन, आणि आम्ही काळे पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत. पेशींना हार्मोन आदल्या दिवशीच दिलं होतं. आता त्या विभागायला लागल्या असणार होत्या. पहिली नजर मॅडमची, हे न बोलता ठरलेलं होतं. त्या बसल्या. स्क्रू फिरवत राहिल्या. केंद्रकात हिरवं नव्हतं. आमचं ते गाजणारं चित्र खरंच खोटं होतं. हिरवा उजेड केंद्रकाभोवती सगळीकडे पसरलेला, विरळ. मला वाटलं, संपलं. असं सगळीकडे पसरलेलं असेल तर त्यातून काय कळणार?

मॅडम स्लाइड इकडून तिकडे सरकवत होत्या. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी स्क्रू पुन्हा एकदा किंचित फिरवला. आणि मग अगदी हळू, कुणाची तरी झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाल्या, "देख. आठे शे."

इथे आहे.

मी डोळा लावला. एका पेशीच्या दोन झाल्या होत्या, पण अजून पूर्ण सुटल्या नव्हत्या. दोघींच्या मधे एक बारीक पूल होता, शेवटचा दुवा, आणि त्या पुलाच्या बरोबर मध्यावर हिरवा ठिपका. इतका ठळक की डोळ्यात भरावा. मी दुसरी जोडी शोधली. तिथेही. तिसरीतही. हार्मोनच्या हाकेला ओ देऊन उठलेलं ते प्रोटीन, सगळी धावपळ झाल्यावर, दोन बहिणी वेगळ्या होतात त्या जागेवर येऊन उभं होतं.

इम्रानने पाहिलं आणि तो जोड्या मोजायला लागला. मॅडम माझ्या खांद्याला धरून एकसारखं म्हणत होत्या, "आठे शे मना ओ, आठे शे." इथे आहे माझा ओ. पडदा ढकलून त्या बाहेर गेल्या. पाचच मिनिटांत खोलीबाहेर रांग लागली. फिजिक्सचे लोक, ऑफिसमधले कारकून, मोजमाप घ्यायला आलेले दोघे, आणि शेवटी प्राचार्य. प्राचार्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, जोंधळ्याचे दोन दाणे आणि मधे काजवा बसल्यासारखा दिसतोय. मॅडमनी त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. त्यांनीही हलवू दिला.

आनंद ओसरायच्या आत त्यांनी इम्रानला बोलावून पुन्हा खातरजमा करायला लावली. त्याने ओ जीनला गप्प केलं आणि पेशींना हार्मोन दिलं. या वेळी वेगळंच दिसलं. पेशी जाग्या झाल्या, वाढल्या, आत केंद्रकाची दोन केंद्रकं झाली, पण पेशी काही वेगळ्या होईनात. पुलाने जोडलेल्या तशाच राहिल्या. काही तर पुन्हा एकमेकींत मिसळून एकच झाल्या, पोटात दोन दोन केंद्रकं घेऊन. मॅडमनी ताबडतोब नानाला फोन लावला. त्याने नेहमीसारखं भुरीचं विचारलं नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "अक्का, मग हे झालं ना तुझं?" मॅडम म्हणाल्या, झालं. मग फोन ठेवून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि मी आणि इम्रानने आपापल्या कामात असल्यासारखं केलं.

निवृत्तीच्या आधी लेख लिहून झाला. त्यात पहिल्या चुकीचा एक संपूर्ण परिच्छेद आहे. तो काढायला परीक्षकांनी सुचवलं होतं, मॅडमनी काढला नाही. खोली दुसऱ्या विभागाला गेली. पेशींच्या कुप्या माझ्याकडे आणि इम्रानकडे अर्ध्या अर्ध्या आल्या. तो आता धुळ्याला शिकवतो, मी इथेच नाशकात. मॅडम सटाण्याकडे राहायला गेल्या. अधूनमधून फोन येतो, आणि सुरुवात 'कशी आहेस' ने होत नाही, एखाद्या प्रश्नाने होते.

गेल्या महिन्यात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं. संध्याकाळी मी त्यांना सीबीएस बसस्थानकावर सटाण्याच्या बसमध्ये बसवायला गेले. खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक कॉलेजातली मुलगी, दोन्ही कानांत इअरफोन, मोबाइलवर नजर. मी खाली उभी राहून मॅडमना पाण्याची बाटली दिली, औषध कधी घालायचं ते पुन्हा सांगितलं. त्या हो हो म्हणत होत्या, पण लक्ष दुसरीकडे होतं. कंडक्टरने बेल दिली. बस मागे घेऊन वळायला लागली आणि मी हात हलवला. मॅडमनी बघितलं नाही. त्या शेजारच्या मुलीकडे वळून काहीतरी विचारत होत्या, दोन्ही मुठी एकमेकींना टेकवलेल्या, मग त्या हळूहळू लांब नेत.

मुलीने एक इअरफोन काढला. बस फाटकाशी थांबली, समोरून रिक्षा जाऊ दिली, आणि पुढे निघाली तेव्हा खिडकीतून मला दिसलं, तिने दुसराही काढला होता.